बुइकला न पुरलेली जागा

फ्लिंट, मिशिगन
१४ मार्च १९९९, रविवार, चर्चहून आल्यावर

लव्हेल,

हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. माझं असतं तरी तू ओळखलं नसतंस, कारण माझं अक्षर आजवर कोणीच पाहिलेलं नाही. शेजारचे, आपल्या चर्चमधले ब्रदर डोरसी लिहून घेतायत. जन्मभर त्यांनी लोकांची पत्रं दारोदार वाटली, आत काय आहे ते कधी कळलं नाही. म्हटलं, आता पोस्टातून सुटलात, तर एकदा आतून बघा. ते म्हणतात, सुरुवातीला खुशाली विचारावी. मी म्हटलं, अठरा वर्षांची खुशाली विचारली तर तो सांगत बसेल आणि माझं काम राहील.

काम असं आहे. आपल्या गाडीला गिऱ्हाईक आलंय. ऍन आर्बरचा दातांचा डॉक्टर आहे कोणी, जुन्या गाड्या जमवतो. तुझी बहीण क्लॉडेट त्याला घेऊन आली. गॅरेजचं दार उघडलं तशी त्याने डोक्यावरची टोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी. मग गाडीभोवती इतका हळू फिरला की मला वाटलं बिचाऱ्याचे पाय दुखतायत. म्हणाला, पंचाहत्तरची बुइक इलेक्ट्रा, हा वाइनचा रंग, वर पांढरं छत, आणि आतलं मखमल इतकं शाबूत, अशी मी कित्येक वर्षांत पाहिली नाही. मी म्हटलं, मीही नाही पाहिली, मी हीच बघत आलेय.

तो इलेक्ट्रा म्हणाला तेव्हाच कळलं की हा आपल्यातला नाही. आपल्या काळ्या लोकांत तिला कधी कोणी इलेक्ट्रा म्हटलं? सव्वादोनशे. नावापुढचा आकडा तेच तिचं नाव. सव्वादोनशे इंच लांब म्हणून म्हणे, आणि तुझा बाप छाती काढून सांगायचा की आपली मोजली तर वीतभर जास्तच भरते. ती वीत कुठे गेली ते मला विचार. ज्या दिवशी तुझा बाप ओझेल तिला घेऊन आला, हॉर्न वाजवत, सगळी गल्ली बाहेर, त्या दिवशी ती गॅरेजमध्ये गेली आणि गॅरेजचं दार काही लागेना. दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेजची मागची भिंत कापली आणि तिच्या नाकापुरती फळ्यांची पेटी बाहेर काढली. ती पेटी आली कुठे, तर माझ्या भाजीच्या वाफ्यात. चोवीस वर्षं झाली, त्या पेटीच्या सावलीत काही उगवत नाही.

क्लॉडेट म्हणते, आई, विकून टाक, हत्ती पोसून काय करतेस. मी दातवाल्याला सांगितलं, माझ्या मुलाला विचारल्याशिवाय देता येणार नाही. मुलगा कुठे असतो, तर ह्यूस्टनला. काय करतो, तर शहराच्या बसगाड्या दुरुस्त करतो. एवढंच मला माहीत होतं, एवढंच सांगितलं.

तुझा बाप गेला तेव्हा तू फुलं पाठवलीस. चांगली होती. बरेच दिवस टिकली.

तर गाडी हवी असेल तर येऊन घेऊन जा. पत्राने गाडी पाठवता येत नाही, एवढं ब्रदर डोरसींनाही पोस्टातलं ज्ञान आहे.

आई

(सिस्टर अर्लेथांची तब्येत ठीक आहे. गुडघा सोडून. हे त्यांनी सांगितलेलं नाही. — पी. डोरसी)


१८ एप्रिल १९९९

लव्हेल,

तुझं कार्ड आलं. ब्रदर डोरसींनी वाचलं आणि उरलेलं कुठे आहे ते बघायला कार्ड उलटं केलं. मागे ह्यूस्टनची उंच उंच घरं होती. 'गाडी विकून टाक, पैसे तू ठेव, गुडघा जप.' एवढं बोलायला तर तू तोंडही उघडायचा नाहीस, नुसती मान हलवायचास. तरी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, ब्रदर डोरसींना मी ते परत वाचायला लावलं, म्हटलं नीट ऐकू आलं नाही.

गुडघ्याचं तुला कोणी सांगितलं ते मला कळलंय. या माणसाकडून आता पत्र लिहून झाल्यावर वाचून घेतल्याशिवाय पाकीट बंद करू देणार नाही.

विकायचं म्हणतोस. चांगलं. पण विकायच्या आधी एक काम तिच्याकडून करून घ्यायचं आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी अलाबामाला आपल्या जुन्या चर्चचा मेळावा. दर वर्षी उत्तरेला गेलेली सगळी पोरंबाळं परत येतात, कबरींवरचं गवत काढतात, झाडाखाली जेवतात आणि कोण किती जाड झालं ते बघतात. माझी बहीण झेल्फिया नव्वदी ओलांडून बसली आहे. आम्हा भावंडांत आता ती आणि मी. तिने फोनवर सांगितलंय की या वर्षी आली नाहीस तर पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी थांबणार नाही.

पंचाहत्तर साल तुला आठवतं का? मला तर काल कपड्यांच्या घड्या करताना आठवलं आणि घड्या तशाच राहिल्या. गाडी नवीकोरी. तुझा बाप टाय लावून चालवत होता, मिशिगनपासून. तू मागे, क्लॉडेट मागे, आणि मध्ये बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी आणि माझा लोण्याचा केक. तोवर काळ्या माणसालाही वाटेत हवं तिथे थांबून खाता येत होतं, कोणी हाकललं नसतं, पण तुझ्या बापाच्या हाडात जुनी भीती होती. अख्ख्या केंटकीत त्याने फक्त पेट्रोलला ब्रेक मारला. मला काही फरक पडला नाही. ती सीट म्हणजे सीट होती का? मी कापसाच्या गोणीवर झोपून मोठी झालेली बाई. त्या मखमलीत बसले आणि बटण दाबलं, तर काच आपली आपण खाली गेली. परत दाबलं, वर आली. ओहायो संपेपर्यंत मी तेच करत होते. शेवटी ओझेल म्हणाला, अर्लेथा, ती काच आहे, पंखा नाही.

आणि टेनेसी संपल्यावर त्याने गाडी कडेला घेतली, उतरला, तुझं दार उघडलं, आणि तुझ्या जागी जाऊन बसला. तू चालवलीस. पुढे ते एवढं लांब बॉनेट, जसं काही एका जिल्ह्यात आपण आणि दुसऱ्या जिल्ह्यात गाडीचं नाक. बावीस वर्षांचा होतास, आणि स्टिअरिंगला नुसती दोन बोटं लावून बसला होतास, उगाच ऐट. मागून तुझ्या बापाचा श्वास ऐकू येत होता. तो गाडीची काळजी करतोय असं तुला वाटलं. तो तुझ्या मानेकडे बघत होता.

गावाच्या अलीकडे ओढ्यावर गाडी थांबवली. तिथे गावी परतणारी प्रत्येक गाडी थांबते. धुळीने माखलेली गाडी घेऊन कोणी आईच्या दारात जात नाही. तुम्ही बापलेक गंजीफ्रॉकवर, बादली आणि फडकं. मी खडकावर बसून सांगत होते, इथे राहिलं, तिथे राहिलं. तो ओढा मला स्वप्नात येतो. गाडी कमी येते, ओढा जास्त येतो, आणि त्यात तुम्ही दोघं.

तर मला झेल्फियासमोर त्याच गाडीतून उतरायचं आहे. गाडी चालू आहे. ब्रदर डोरसी दर शनिवारी ती सुरू करून आत बसतात, रेडिओ लावतात आणि बंद करतात. बाहेर काढायला मात्र त्यांची छाती होत नाही. जन्मभर पोस्टाची जीप चालवली, तिचं स्टिअरिंग उजवीकडे. हे माणूस डावीकडे बसलं की त्याला वाटतं कोणीतरी दुसरंच चालवतंय. क्लॉडेट विमानाचं तिकीट काढते म्हणते. विमानातून उतरलं तर झेल्फियाला काय दिसणार? नुसती मी.

चालवणारा तू हवास. बस्स.

आई


२३ मे १९९९

लव्हेल,

या वेळी पाकीट आलं, आत पानभर. ब्रदर डोरसींनी चष्मा पुसून वाचलं. सिमोनने शाळा संपवली हे ऐकून मी केक केला आणि गल्लीत वाटला. कशाचा म्हणून विचारलं तर सांगितलं, नातीचा. कोणती नात, म्हणाले. त्यांचंही चुकलं नाही.

मग ती शेवटची ओळ. 'येईन. पण माझ्या गाडीने येईन, आणि ती तुझ्या दारासमोर उभी राहील. बोलिंगच्या अड्ड्यामागे नाही. हो की नाही, तेवढं कळव.'

तुझी गाडी अजून जपानीच असेल. विचारलं नाही, ब्रदर डोरसी म्हणतात पत्रात तसं लिहिलेलंही नाही, पण मी तुझी आई आहे.

बाळा, विमानाने नाही का येता येणार?

ते राहू दे. ब्रदर डोरसी माझ्याकडे बघतायत.

तो नाताळ मला विसरता येत नाही आणि तुलाही येत नाही, तर आडवळणाने कशाला जायचं. एक्याऐंशी. तू ह्यूस्टनहून दोन दिवस गाडी हाकत आलास, शेजारी बायको, तिच्या मांडीवर पाच महिन्यांची सिमोन, आणि ती छोटी पिवळी जपानी गाडी आपल्या घरासमोर उभी केलीस. बुइकच्या कारखान्यात दारं बसवणाऱ्या माणसाच्या घरासमोर, फ्लिंटमध्ये, त्या वर्षी. खानावळवाल्याच्या पंगतीला घरून डबा नेल्यासारखं. इथे राहणाऱ्याने ही चूक केली नसती. युनियनच्या कचेरीबाहेर पाटी होती, परदेशी गाड्या इथे लावू नयेत. आपल्या गल्लीत घराआड एक माणूस घरी बसला होता. तूही त्यातलाच, बापाने मुकादमाला सांगून तुला कारखान्यात लाइनवर चिकटवलं होतं आणि ऐंशी साली तुला घरी पाठवलं, म्हणून तर तू टेक्सासला गेलास. तुझ्या बापाच्या डोक्यात असं होतं की रस्त्यावर दिसणारी तसली प्रत्येक गाडी म्हणजे लाइनवरची एक रिकामी जागा. आणि त्या पिवळीत त्याला तुझीच जागा दिसली, आणि तीतून तूच उतरलास.

तुझ्या डोक्यात काय होतं तेही मला माहीत आहे. तुला वाटलं, बाप नातीकडे बघेल, गाडीकडे बघणार नाही.

तो म्हणाला, "ती माझ्या दारात उभी राहणार नाही. कोपऱ्यापलीकडे लाव."

तू गेलास, बोलिंगच्या अड्ड्यामागे लावलीस, आणि सिमोनला कोटाच्या आत धरून बर्फातून चालत परत आलास. तिला गाडीत ठेवून तूच एकटा पुढे आला असतास तरी चाललं असतं, पण तू मुद्दाम तिला घेऊन चालत आलास, त्याने खिडकीतून बघावं म्हणून. त्याने बघितलं. जेवायला बसलो. मग तू ताट सरकवलंस.

"बाबा, मीही त्याच गाडीतून आलोय. ती जिथे उभी राहील तिथे मी."

तो म्हणाला, "मग ठीक."

दोन शब्द, आणि तुम्ही निघून गेलात ते गेलातच. घर बांधायला त्याला किती वर्षं लागली होती.

आता तू हो की नाही विचारतोस. इकडची हवा तुला सांगते. पुढच्या महिन्यात कारखाना बंद होतोय. खरंच बंद, कुलूप. समोरचा मॉस ग्रिफिन, तुझ्या बापाच्या शेजारी दारं बसवायचा, तो तिथे अजून आहे, शेवटच्या दिवसापर्यंत राहणार म्हणतो. त्याच्या ट्रकच्या मागे चिकटवलेला कागद मला ब्रदर डोरसींनी वाचून दाखवला, तो मी इथे लिहायला सांगणार नाही, रविवार आहे. मागच्या आठवड्यात कोणाच्यातरी पाहुण्याची जपानी गाडी पलीकडच्या गल्लीत होती, तिची काच फुटली. कोणी फोडली कोणालाच माहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

हे मी नाही म्हणत नाही. हो पण म्हणत नाही. हे घर ओझेलचं होतं आणि तो नियम त्याचा होता, आणि तो इथे नाही की मी त्याला म्हणावं, उठ, सरक. जिवंत असता तर भांडले असते. मेलेल्या माणसाशी भांडणात जिंकता येत नाही, तो उत्तरच देत नाही.

विचार करते.

आई

(तुझं पत्र त्यांनी उशीखाली ठेवलंय. हे वाचून दाखवताना मी गाळणार आहे. — डोरसी)


४ जुलै १९९९

लव्हेल,

बाहेर फटाके चाललेत, ब्रदर डोरसींचा हात हलतो, अक्षराला नाव ठेवू नकोस.

मंगळवारी कारखाना बंद झाला. मी ब्रदर डोरसींना म्हटलं, चला बघून येऊ, तर त्यांच्या गाडीतून आम्ही फाटकापर्यंत गेलो. ते बाहेर येत होते, एकेक, हातात जेवणाचा डबा, काखेत जाकीट, कोणी रडत नव्हतं. सुटीच्या भोंग्याला कसे यायचे आठवतं? एकमेकांना ढकलत, हसत, सगळा रस्ता गाड्यांनी भरायचा, आणि काय गाड्या, एकेक जहाज. मी रस्त्याच्या कडेला तुझ्या बापासाठी उभी असायचे, आणि मला वाटायचं सगळी दुनिया या माणसांनी बनवली आणि हेच ती चालवत घरी नेतायत. त्या दिवशी मॉस ग्रिफिन आला त्याच्या ट्रककडे. मी हात केला. तो म्हणाला, सिस्टर अर्लेथा, ओझेल वेळेवर गेला.

घरी येऊन मी खिडकीशी बसले, आणि ब्रदर डोरसी म्हणाले, सांगून टाका त्याला. कसलं, मी म्हटलं. म्हणाले, ते बर्फाचं.

तर लिहा म्हटलं.

तू गेलास त्याच्या पुढच्या नाताळापासून तुझ्या बापाने एक नवा उद्योग काढला. बर्फ पडलं की आधी गॅरेजपुढचं साफ करायचा. ते ठीक, बुइक काढायची असायची. मग फावडं घेऊन रस्त्यावर जायचा आणि घरासमोर, फुटपाथला लागून, एक चौकोन खणायचा. मी विचारलं, तिथे काय लावायचंय? म्हणाला, पोस्टमनला यायला वाट. पोस्टमन ब्रदर डोरसी, राहतात शेजारी, आमची पत्रं ते कुंपणावरून हातात द्यायचे. मी म्हटलं, बरं.

दर वर्षी खणायचा. खोकला असला तरी. मी ओरडले तरी. एका वर्षी मी वरच्या मजल्यावरून नीट पाहिलं. तो चौकोन बुइकला पुरणारा नव्हता रे. बुइक लावली असती तर निम्मी बाहेर बर्फात राहिली असती. एक छोटी गाडी बसेल, बेताची, एवढाच. आणि तुझ्या बापाचं माप कधी चुकायचं नाही. गॅरेज सोडलं तर.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्याने खणणं थांबवलं असतं. तो खणायचा, संध्याकाळपर्यंत त्याच्यात परत बर्फ भरायचं, सकाळी परत खणायचा, आणि नवीन वर्ष लागलं की सोडून द्यायचा. तुला फोन कर असं मी म्हटलं की म्हणायचा, नंबर त्याच्याकडे आहे. हट्ट तुम्ही दोघांनी एकाच दुकानातून आणलात.

ब्रदर डोरसी म्हणतात, ते त्याचं पत्रच होतं. मी म्हटलं, तुम्ही मध्ये कविता घालू नका, ते फावडं होतं.

तो गेल्यापासून ते खणायचं काम ब्रदर डोरसीच करतात. मी सांगितलं म्हणून. कंबर त्यामुळेच गेली म्हणतात, पण त्यांची कंबर आधीपासून तशीच होती.

आणखी एक. तो दातवाला गिऱ्हाईक मी मार्चमध्येच परत पाठवला होता. तुला पत्र लिहायच्या आदल्या दिवशी. गाडी विकायची नव्हती, तुला बोलवायचं होतं. आणि नुसतं ये म्हटलं असतं तर तू आला नसतास. क्लॉडेट अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तू विचारलं होतंस, हो की नाही.

हो. दारासमोर लाव. मॉस काय म्हणेल ते मी बघते, काच फोडायला कोण येतो तेही बघते, मी खिडकीत बसूनच असते. घर आता माझ्या नावावर आहे आणि समोरची जागा म्हणे सरकारची. दोघांची हरकत नाही. सिमोनला आण. तिला मी धरलं होतं तेव्हा ती कोटाच्या आत होती, फक्त नाक दिसलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ये. आता जास्त विचार करू नकोस, विचार करायला मी लावलेला वेळ आपल्या दोघांना पुरे.

आई


२९ ऑगस्ट १९९९, रविवार

लव्हेल,

पोचल्याचा फोन आला, तरी पत्र लिहितेय. फोनवर तू 'हं' म्हणतोस, त्याच्यापेक्षा हे बरं. आणि ब्रदर डोरसींना आता रविवारची सवय लागलीय. कॉफी मागत नाहीत, पण कपाकडे बघतात.

आपण अलाबामाला होतो तेव्हा इथे काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. आपण निघालो, तू बुइक गॅरेजमधून उलटी काढताना माझ्या जास्वंदीचा अर्धा जीव घेतलास, हात करत गेलास, आणि तुझी ती राखाडी गाडी घरासमोर एकटी उभी. त्याच दिवशी संध्याकाळी म्हणे दोन-तीन माणसं येऊन तिच्याभोवती उभी राहिली. ब्रदर डोरसी खिडकीतून बघत होते. बाहेर पडले नाहीत, कंबर. मॉस ग्रिफिन आपल्या पायरीवरून उठला, रस्ता ओलांडून आला, हातात काही नव्हतं. त्याने त्या गाडीचं दार उघडलं. तू कुलूप लावलं नव्हतंस, ह्यूस्टनला चोर नसतात वाटतं. उघडलं, लावलं. परत उघडलं, परत लावलं. कान देऊन. मग त्या माणसांना म्हणाला,

"दार चांगलं बसवलंय. कोणी बसवलं ते मला माहीत नाही. पोरगा ओझेलचा आहे. घरी जा."

आणि त्याने आपला ट्रक आणून तुझ्या गाडीमागे लावला, मागच्या त्या कागदासकट, आणि आपण परत येईपर्यंत हलवला नाही. आपण आलो तेव्हा तू विचारलंस, हा ट्रक इथे कोणी लावला, आणि मी म्हटलं, असेल कोणाचा. मॉसचा आहे ते दिसलं, पण तिथे का लावलाय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत झालं तर सांगते. त्याला काहीतरी पाठव. ह्यूस्टनचं काही गोड मिळत असेल तर.

झेल्फियाचं बोलणं तू ऐकलंस, पण ब्रदर डोरसींनी ऐकलेलं नाही, म्हणून सांगते. आपली गाडी चर्चच्या झाडाखाली थांबली. सगळे वळून बघायला लागले, म्हातारे तर उठून उभे राहिले, सव्वादोनशे, सव्वादोनशे म्हणत. तू उतरलास, माझं दार उघडलंस, हात दिलास. मी टोपी नीट केली, पाय बाहेर टाकला. आणि झेल्फिया खुर्चीतून ओरडून म्हणाली, "एवढी मोठी गाडी, आणि त्यातून निघाली एवढीशी तू." चोवीस वर्षं मी त्या क्षणाची वाट बघत होते. मी इतकी हसले की तुला मला धरावं लागलं. किती वर्षांनी धरलंस.

येताना टेनेसीत तू गाडी थांबवून चावी सिमोनला दिलीस आणि मागे बसलास. मी वळून बघितलं नाही. मला तुझा श्वास ऐकू येत होता.

म्हणून तिने जेव्हा विचारलं, "आजी, ही मी घेऊन जाऊ का?", तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. तू म्हणालास, अगं, पेट्रोल किती खाते, कॉलेजात लावशील कुठे. मी मनात म्हटलं, बघ, हा बापासारखा बोलायला लागला. तिने काही ऐकलं नाही. कोणाची मुलगी आहे. बुइक पुढे, तुझी गाडी मागे, अशी वरात निघाली, गल्लीच्या टोकाला तिने हॉर्न दिला, आणि मॉस पायरीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. क्लॉडेट रडली. मी नाही रडले. मी ब्रदर डोरसींना सांगत होते की हॉर्न अजून किती छान वाजतो. (त्या रडल्या. — डोरसी)

हे यांनी माझ्यासमोर वाचलं, लाज नाही.

आता एवढं सांगून थांबते. तुम्ही गेल्यावर मी काठी घेऊन गॅरेजमध्ये गेले. रिकामं गॅरेज किती मोठं असतं. जमिनीवर मधोमध तेलाचा डाग आहे, परातीएवढा, काळाकुळकुळीत. चोवीस वर्षं ती तिथे थेंब थेंब गळत होती, आणि तुझा बाप दर वर्षी म्हणायचा, यंदा दुरुस्त करतो. क्लॉडेट साबणाचं पाणी घेऊन आली, घासते म्हणाली. मी म्हटलं, हात तर लाव.

मग मी पुढे रस्त्यावर गेले. तुझी गाडी जिथे उभी होती तिथे वाकून पाहिलं. ब्रदर डोरसींनाही वाकायला लावलं, कंबर असू दे म्हटलं. काही नाही. एवढे दिवस उभी होती, एक थेंब नाही. चांगली गाडी आहे, कोण नाही म्हणतंय. पण बाळा, अशी कशी गाडी, येऊन गेली तरी माणसाकडे काही राहत नाही.

पुढच्या वेळी येशील तेव्हा थोडं तेल सांड.

आई